मल्लेश्वरमला शिवलेली पोलकी

सकवारबाई: तसं नव्हे अक्का, माझा प्रश्न सरळ आहे. गाठ लिंबाएवढी, हे तुम्हीच म्हणालात. मग लिंबाएवढ्या गाठीसाठी दोन माणसांचं रक्त काढून बाटल्या भरून ठेवल्यात, त्या कशाला?

जमनाबाई: मोठ्या इस्पितळाची पद्धत असते ती. लागलं तर वापरायचं, नाही तर नाही.

सकवारबाई: आणि नाही लागलं तर? तुमच्या भावाच्या दंडात परत ओतणार?

जमनाबाई: उद्या सकाळी ऑपरेशन आहे आणि हिची जीभ बघा. म्हणजे प्रकृती उत्तम आहे. पड जरा.

सकवारबाई: पडून पडून पाठीवर चादरीच्या घड्या उमटल्या. आल्यापासून यांनी काय काय केलं ते सगळं माझ्या लक्षात आहे. आधी बोटातून रक्त, मग दंडातून. छातीचा फोटो काढला, तो ठीक. मग पाठीच्या कण्याचा फोटो. गाठ पुढं, कणा मागं. मग त्या शिकाऊ पोरांची रांग. मार्केटात पपई दाबून बघतात तसा एकेक जण दाबून गेला. एवढी चौकशी तर वसुमतीचं स्थळ बघताना आपण केली नव्हती. मला पाठीवर गळू झालं होतं तेव्हा आपल्या पेठेतल्या, चिकपेटच्या डॉक्टरनं सुरी उकळली, कापलं, घरी पाठवलं. संध्याकाळी मी भाकऱ्या थापल्या.

जमनाबाई: ते गळू होतं.

सकवारबाई: आणि हे?

जमनाबाई: दुधाची गाठ. किती वेळा सांगू?

सकवारबाई: माझ्या धाकट्याला मिसरूड फुटलं, अक्का. आता दूध कुठलं?

जमनाबाई: जुनं असेल.

सकवारबाई: जुनं. बरं. ती खिडकी ओढून घ्या स्वल्प, ऊन डोळ्यांवर येतंय.

जमनाबाई: आया येईल, ती ओढेल.

सकवारबाई: तुम्ही खिडकीखालीच बसलाय.

जमनाबाई: वर पोचत नाही हात. वात आहे, तुला माहीत नाही का?

सकवारबाई: माहीत आहे की. फक्त उजव्या हाताचा वात. लोणच्याची बरणी काढायची तर डाव्या हातानं, कपडे वाळत घालायचे तर खालच्या दोरीवर. सगळं माहीत आहे. फक्त बाकाखालच्या त्या बोचक्यात काय आहे, तेवढं माहीत नाही.

जमनाबाई: जुने कपडे. इथं राहायचं तर बदलायला नकोत?

सकवारबाई: बदलायचे कपडे पिशवीत आहेत. बोचकं वेगळं. मघाशी तुम्ही पाणी आणायला गेलात तेव्हा पायानं ओढून पाहिलं. आत वाळूसारखं काहीतरी सरकलं.

जमनाबाई: दुसऱ्याच्या बोचक्याला पाय लावलास?

सकवारबाई: हात लावायला उतरावं लागलं असतं. तेवढ्यात तुम्ही आला असतात.

जमनाबाई: धन्य आहेस.

सकवारबाई: आणि वसुमतीला का घरी पाठवलंत? आईजवळ लेक राहते. तुम्ही म्हणालात, नको, मी राहते. आपलं दोघींचं कढीत कढीलिंब किती घालायचा यावर आजवर एकमत झालं नाही. एकदम एवढी माया कुठून आली?

जमनाबाई: पोर लहान आहे. तिनं काय काय बघायचं?

सकवारबाई: पोर दोन मुलांची आई आहे.

जमनाबाई: मी नको असेन तर जाते.

सकवारबाई: बघा. मी विचारलं की तुम्ही रुसता. तुमचे बंधू त्याच्या वरताण. येतात, पायथ्याशी उभे राहतात, पंख्याकडे बघतात आणि कॉफी पिऊन येतो म्हणून जातात. पंखा बंद असतो, तरी बघतात.

गंगव्वा: आत येऊ काय वो? गरम पानी आनलंय. बाई, जरा सरकून बसा, ह्यास्नी तयार करायचं हाय उद्याला.

जमनाबाई: तू कोण? कालची तमिळ आया कुठं गेली?

गंगव्वा: तिला तिकडच्या वार्डात घातलं. मी गंगव्वा. माझं म्हायेर निपाणीचं, म्हनून मला हितं लावलं बगा. सिस्टर म्हनाल्या, त्या खाटंवरच्या बाईस्नी कन्नड एक अक्षर येत न्हाई, नुसतं मराठी समजतंय, तवा तू जा.

सकवारबाई: असं म्हणाल्या?

गंगव्वा: व्हय की. ह्या तुमच्या नणंदबाईंनीच डाक्टरास्नी सांगितलं न्हवं? जे काय सांगायचं ते मला सांगा, तिला मी मराठीत सांगतो म्हनून.

जमनाबाई: ते राहू दे. तुझं काम कर.

गंगव्वा: करतो की. आदी बांगड्या. काचंच्या सगळ्या काढाव्या लागत्यात.

सकवारबाई: सगळ्या नाही. एकेक ठेवणार.

गंगव्वा: ठेवा की, वर कापूस लावून पट्टी गुंडाळतो. मंगळसूत्र गळ्यात चालत न्हाई, ते मनगटाला बांधून पट्टीत झाकतो. सगळ्या सवाष्णींचं तसंच करतो आमी. डाक्टर काय बोलत न्हाईत. नथ मातर काढा. सोन्याच्या पाटल्या न्हाईत का?

सकवारबाई: चीनची लढाई झाली तेव्हा दिल्या. यांनी देणगीच्या पेटीत टाकल्या आणि मला घरी येऊन सांगितलं. आमच्याकडे बायकांना मागाहून सांगायची रीत आहे.

जमनाबाई: सकवार!

सकवारबाई: पाटल्यांचं बोलतेय, अक्का. तुम्ही का दचकलात?

गंगव्वा: हात वर करा. असं. काखंतनं वस्तरा फिरवायचा, गळ्यापासनं कमरंपातूर साबनानं धुवायचं, मग सिस्टर येऊन पिवळं औषध लावत्यात आनि कापडात बांधून ठेवत्यात. उद्या सकाळपातूर सोडायचं न्हाई. पानी बी प्यायचं न्हाई रातीनंतर.

सकवारबाई: तुझा हात हलका आहे गं.

गंगव्वा: लई बायकांचं केलंय. झालं बगा हितलं. आता लुगडं जरा वर घ्या. उजवी मांडी.

सकवारबाई: मांडी?

गंगव्वा: व्हय. गुडघ्यापातूर.

सकवारबाई: गाठ इथं आहे बाई. डाव्या छातीत. तुला दुसऱ्या कुणाच्या खाटेवर जायचं असेल.

गंगव्वा: न्हाई वो. सिस्टरनं दोन्ही सांगितलंय, वरचं बी आनि मांडी बी. हितली कातडी स्वच्छ लागती, म्हनून.

सकवारबाई: कशाला लागते?

जमनाबाई: सुई टोचायला. तिथं सुई टोचतात.

सकवारबाई: सुई टोचायला गुडघ्यापर्यंत वस्तरा? सुई आहे का पहार?

जमनाबाई: मला काय माहीत? डॉक्टर म्हणाले तसं.

सकवारबाई: गंगव्वा, सुईसाठी करतात का गं हे?

गंगव्वा: मी... मला काय ठावं? मी आया हाय. पानी गार झालं बगा, दुसरं घेऊन येतो. तवर तुमी बोला दोघी. पर लवकर बोला, सिस्टर वरडत्यात.

सकवारबाई: गेली. किती घाईनं गेली! आता सांगा, अक्का.

जमनाबाई: काय सांगू?

सकवारबाई: मग मी सांगते. मी घरात मशीन चालवते, अख्ख्या गल्लीची पोलकी शिवते. कपडा फाटला तर दोन प्रकार. लहान फाटला तर दोन कडा ओढून रफू करायचं, संपलं. पण कपडा एवढा गेला की कडा एकमेकींना भेटतच नाहीत, तर ठिगळ लावायचं. ठिगळ कुठून काढायचं? त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून. रंग जुळतो, आणि काढलेलं कुणाला दिसत नाही. माझी दुमड म्हणजे ही मांडी. बरोबर?

जमनाबाई: तुझं डोकं म्हणजे...

सकवारबाई: लिंबाएवढी गाठ काढून ठिगळ लागत नाही, अक्का. माझ्या कडा भेटणार नाहीत एवढं काय कापणार आहेत उद्या?

जमनाबाई: डॉक्टर आले की विचारू. मी विचारते आणि तुला सांगते.

सकवारबाई: तुम्ही नको सांगायला. तुम्ही काय सांगता ते मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही डॉक्टर कृष्णमूर्तींना म्हणालात, ‘अवरिगे कन्नड बरोदिल्ला.’ मी इथं पडले होते, डोळे मिटून. मी याच शहरात, चिकपेटात जन्मले. मराठी घरात बोलते, पण भाजीवालीशी, वाण्याशी आणि भांडताना कन्नडच बोलते. मला कन्नड येत नाही? मला वाटलं, अक्कांना उन्हानं भ्रम झाला. मग मी म्हटलं, गप्प राहू. बघू, माझ्यापुढे पडदा कशाला धरतायत.

जमनाबाई: म्हणजे इतके दिवस तू...

सकवारबाई: इतके दिवस मी मुकी. डॉक्टर तुम्हाला माझ्या उशाशी सांगायचे आणि तुम्ही मला मराठीत भलतंच ऐकवायचात. परवा ते म्हणाले, ‘पूर्ती तेगीबेकु.’ पूर्ण काढायला पाहिजे. तुम्ही मला काय सांगितलंत? ‘म्हणतायत, चांगलं जेवत जा.’

जमनाबाई: मग विचारलं का नाहीस?

सकवारबाई: पूर्ण म्हणजे पूर्ण गाठ, अशी मी माझी समजूत घातली. शंका यायची, मी झाकायची. आज त्या मांडीनं झाकण काढलं. माझे कपडे द्या.

जमनाबाई: कुठं निघालीस?

सकवारबाई: घरी. सही तुमच्या भावानं केली, छाती माझी. त्यांना झोपू दे उद्या मेजावर.

जमनाबाई: बस खाली. सकवार, हात जोडते, बस. ऑपरेशन नाही केलं तर...

सकवारबाई: तर काय? बोला की. नाही केलं तर काय, केलं तर काय? तुम्हाला का एवढी घाई? किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेचा काढून घेतलात. लेकीला पाठवून दिलंत. मी इथून घरी नाही आले तर कुणाचं काय अडतं?

जमनाबाई: एवढं वाटतं तुला माझ्याबद्दल?

सकवारबाई: मला तुमच्याबद्दल काय वाटतं ते विचारू नका. आज माझं तोंड सुटलंय.

जमनाबाई: विचारते. बोल.

सकवारबाई: मग ऐका. थोरला शाळेत जायला लागला ते वर्ष. मामंजी म्हणाले, जमना रामेश्वरला गेलीय. तीन महिने! रामेश्वरला तीन महिने कोण राहतं, देव तरी राहू देईल का? परत आलात तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. माणूस तिथून वाळू आणतं, शंख आणतं. तुम्ही प्रसाद म्हणून बत्तासे दिलेत. ते आपल्याच पेठेतल्या दुकानातले होते, पुडीच्या कागदावरून मी ओळखलं.

जमनाबाई: बत्तासे रघुजीनं, तुझ्या नवऱ्यानं, आणले होते.

सकवारबाई: आणि तेव्हापासून तुमची पोलकी मल्लेश्वरमला शिवायला जातात. घरात मशीन, घरात मी, नवऱ्याचं स्वतःचं शिंप्याचं दुकान, आणि नणंद बसनं मल्लेश्वरमला जाऊन माप देते. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, काय गं, तुझा हात बिघडला काय? मला किती लागलं असेल! तुम्ही माझ्यासमोर कधी कपडे बदलले नाहीत. न्हाणीघराला आतून दोन कड्या. तरणी विधवा बाई तीन महिने घराबाहेर राहते, सुकून परत येते आणि मग आपलं अंग कुणाला दिसू देत नाही. मी काय समजायचं?

जमनाबाई: काय समजलीस?

सकवारबाई: जे कुणीही समजेल ते.

जमनाबाई: मूल?

सकवारबाई: मी नाही म्हटलं. तुम्ही म्हटलंत.

जमनाबाई: इतकी वर्षं तू माझ्याबद्दल हे मनात धरून, माझ्याच ताटाला ताट लावून जेवलीस?

सकवारबाई: जेवले. आणि कुणाजवळ बोलले नाही. शेजारच्या कौशल्याबाई फार खोदून विचारत होत्या. मी शपथेवर सांगितलं, रामेश्वरचा शंख मी माझ्या हातानं देवघरात ठेवला म्हणून. मग त्या बघायला येतील या भीतीनं मी स्वतः बाजारातून शंख विकत आणला.

जमनाबाई: देवघरातला तो शंख...

सकवारबाई: तोच. तुमच्या नावाचा.

जमनाबाई: मी रोज त्याला फूल वाहते गं. मला वाटायचं, सासूबाईंचा असेल तुझ्या.

सकवारबाई: तुमच्या आईच्या वस्तू तुम्हाला ओळखता येत नाहीत, आणि मला कन्नड येत नाही. चांगलं घर आहे आपलं.

जमनाबाई: मूल नव्हतं, सकवार. मूल असतं तर बरं झालं असतं, असंही कधी कधी वाटलं. तो दाराचा पडदा नीट लागलाय का बघ.

सकवारबाई: लागलाय. का?

जमनाबाई: बोलून नाही जमणार मला.

(जमनाबाई खाटेजवळ येऊन पोलक्याचे हूक सोडतात.)

जमनाबाई: बघ. मान नको फिरवू. कपडा तपासतेस तशी बघ.

सकवारबाई: अक्का...

जमनाबाई: रामेश्वर नव्हतं. मद्रास. तिथलं मोठं इस्पितळ. रघुजीनं नेलं, मामंजींनी तुझ्या सही केली.

सकवारबाई: हे मधलं... हे वेगळ्या रंगाचं...

जमनाबाई: मांडीचं.

सकवारबाई: ठिगळ.

जमनाबाई: हो. तू बरोबर ओळखलंस. काखेतलंही काढतात, म्हणून हात वर जात नाही. वात नाही तो.

सकवारबाई: दुखतं?

जमनाबाई: आता नाही. आभाळ भरून आलं की ओढतं.

सकवारबाई: उजवी.

जमनाबाई: उजवी.

सकवारबाई: माझी डावी. म्हणजे आपल्या दोघींत मिळून एक बाई पुरी होणार.

जमनाबाई: हसवू नकोस मेले. हूक लागेनात मला.

सकवारबाई: इकडे या. मी लावते. अक्का, नाव काय याचं? दुधाची गाठ सोडून.

जमनाबाई: कॅन्सर.

सकवारबाई: मलाही तोच?

जमनाबाई: तोच.

सकवारबाई: आणि तुम्ही अजून आहात.

जमनाबाई: दिसतेय ना?

सकवारबाई: इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवत, चालत, बोलत, माझ्यावर नजर ठेवत आहात.

जमनाबाई: तुझ्या स्वयंपाकानं नाही मेले, तर यानं कशी मरणार होते?

सकवारबाई: खरं सांगा.

जमनाबाई: खरं सांगते, आता खोटं सांगून काय उपयोग? मद्रासला माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई वर्षभरात गेली. तिची गाठ फार मोठी होऊन मग आली होती. तुझी लहान आहे. लिंबाएवढी म्हटलं ते खोटं नव्हतं. तेवढं एकच खोटं नव्हतं.

सकवारबाई: मग हे सगळं मला आधी का नाही सांगितलंत? तुमच्याइतकं हे कुणाला माहीत होतं?

जमनाबाई: म्हणूनच नाही सांगितलं. मलाही नव्हतं सांगितलं. मलाही दुधाचीच गाठ म्हणाले. विधवेला दूध कुठलं, हे विचारायची अक्कल नव्हती मला, तुझ्यासारखी. सांगितलं असतं तर मी मद्रासच्या स्टेशनातून परतीच्या गाडीत बसले असते, आणि आज नसते. म्हणून मला वाटलं, जे मला लागू पडलं तेच हिलाही देऊ.

सकवारबाई: शुद्धीवर आल्यावर तुम्हाला कळलं कसं?

जमनाबाई: हात लावून.

सकवारबाई: जवळ कोण होतं?

जमनाबाई: कुणी नव्हतं. रघुजी बाहेर उभा होता. पंख्याकडे बघत असेल.

सकवारबाई: आणि मीही तसाच हात लावायचा, असं ठरवलं होतंत?

जमनाबाई: म्हणून तर वसुमतीला पाठवलं. तो हात धरायला मी राहिले.

सकवारबाई: आणि किल्ल्या?

जमनाबाई: किल्ल्याही त्यासाठीच घेतल्या. माझी ट्रंक तुझ्या कपाटामागे आहे ना? कपाट उघडून रिकामं केल्याशिवाय ते हलत नाही आणि ट्रंक निघत नाही. त्यातून हे काढून आणलं. घे, बघायचंच होतं तुला. आता हातानं उघड.

सकवारबाई: पोलकं. आत कप्पा शिवलाय. कप्प्यात ही पिशवी... हे सरकतंय ते काय?

जमनाबाई: मोहरी. आधी कापूस भरायची. कापूस हलका, वर चढायचा, चालताना एक खांद्याकडे आणि एक जागेवर. मग नाचणी भरली. वजन नेमकं जमलं. पण एकदा जत्रेत घामानं आणि पावसानं भिजले, दोन दिवस वाळवायचं राहिलं, आणि नाचणीला मोड आले.

सकवारबाई: मोड?

जमनाबाई: देवाशपथ. एवढे एवढे पांढरे मोड. मी ट्रंकेमागे बसून रडत होते की हसत होते, माझं मला कळेना.

सकवारबाई: नाही अक्का, थांबा, मला हसवू नका, इथं गाठ दुखते. मोड! भिजवलेली नाचणी आणि माझ्या स्वयंपाकाला नावं!

जमनाबाई: हळू. बाहेर ऐकू जाईल. मोहरीला तसं काही होत नाही. तुझ्यासाठी नवी भरून आणलीय. जखम भरली की वापर. पहिले काही महिने नुसत्या मऊ कापडावर राहायचं.

सकवारबाई: हा टाका कुणी घातलाय? मल्लेश्वरमच्या त्या शिंप्यानं?

जमनाबाई: वरचं पोलकं त्याचं. तो म्हातारा डोळ्यांनी अधू आहे, म्हणून त्याच्याकडे जायची. आतला कप्पा माझा.

सकवारबाई: ते दिसतंच आहे. टाका आहे का शेवयांचा गुंता? आणि त्या म्हाताऱ्यानं खांदा उतरवून ठेवलाय. इतकी वर्षं तुम्ही हे घालून हिंडलात? मी रोज तुमचा खांदा बघायची आणि मनात म्हणायची, घ्या, जा अजून मल्लेश्वरमला.

जमनाबाई: तुझ्याकडे आले असते तर तू टेप लावताच ओळखलं असतंस.

सकवारबाई: ओळखलं असतं. मग काय झालं असतं?

जमनाबाई: तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

सकवारबाई: तुमच्या भावाला सगळं माहीत होतं. मल्लेश्वरमच्या पोलक्यांवरून माझं तोंड वाकडं झालं की ते म्हणायचे, जाऊ दे गं, तिची मर्जी. त्यांना मी बघते नंतर.

जमनाबाई: नंतर म्हणालीस.

सकवारबाई: काय?

जमनाबाई: काही नाही. नंतर म्हणालीस, ते ऐकलं.

गंगव्वा: येऊ काय? सिस्टर विचारायल्यात, एका मांडीला किती वेळ म्हनून. बाई रडल्यात काय? तुमी बी रडलाय जनू.

सकवारबाई: हसलो. ये आत. डॉक्टर कृष्णमूर्ती आहेत का गं अजून?

गंगव्वा: हाईत, पलीकडच्या वार्डात. संध्याकाळचा राऊंड करून मग घरी जात्यात.

सकवारबाई: त्यांना सांग, त्या खाटेवरच्या बाईला तुमच्याशी बोलायचंय. काय कापणार, किती कापणार, हात किती वर जाणार, सगळं विचारायचंय. आणि तो सहीचा कागद घेऊन यायला सांग. नवऱ्याच्या सहीखाली मला माझी सही करायचीय.

गंगव्वा: बरं. मग मी बी येतो संगं, तुमचं त्यास्नी कन्नडात सांगायला.

सकवारबाई: नको. ‘नानु कन्नडा माताडतीनी.’ माझं मी बोलेन.

गंगव्वा: अय्यो! तुमाला कन्नड येतंय?

सकवारबाई: आजच आलं. अक्कांनी शिकवलं.

जमनाबाई: आता डॉक्टर मला काय म्हणतील गं?

सकवारबाई: काय म्हणायचं ते म्हणोत. मी तुम्हाला मराठीत सांगेन. ‘म्हणतायत, चांगलं जेवत जा.’

गंगव्वा: तुमचं दोघींचं मला काय कळंना. मांडी करू का नको?

सकवारबाई: कर. नीट कर हो, एक केस ठेवू नकोस. ठिगळ स्वच्छ निघालं पाहिजे. आणि ती पट्टी मंगळसूत्रासाठी आणलीस ना? लांब आहे का?

गंगव्वा: पुरी गुंडाळी हाय की. कशाला?

सकवारबाई: अर्धी इकडे दे. अक्का, उठा. अशा माझ्यासमोर उभ्या राहा, खिडकीकडे तोंड करून.

जमनाबाई: कशाला?

सकवारबाई: माप घेते. टेप नाही, पट्टीवर पेन्सिलीची खूण करते. घरी वसुमतीजवळ देऊन ठेवा.

जमनाबाई: आज? उद्या तुझं ऑपरेशन आहे. घरी आल्यावर घे की.

सकवारबाई: घरी आल्यावर शिवायचं. हात काही दिवस चालणार नाही, तेव्हा वसुमतीला कापायला सांगेन, मी शेजारी बसून ओरडेन. माप मात्र मी घेणार. गंगव्वा, तू मांडीकडे बघ, इकडे नको.

गंगव्वा: मी बगतच न्हाई.

सकवारबाई: खांदा सोडा अक्का, आवळून धरू नका. असं. आता हात वर करा.

जमनाबाई: जात नाही गं पुरता.

सकवारबाई: जाईल तेवढा करा.